वडिलांचा दुभाष्या

नांदेडला एम.एस्सी. करत होतो तेव्हा माझ्या खोलीत येमेनहून शिकायला आलेला एक मुलगा राहायचा. शनिवार उजाडला की होस्टेल रिकामं व्हायचं, आणि हा एकटाच खिडकीशी काळा चहा पीत बसायचा. त्याच्या देशात लढाई चालू होती. सुट्टीत घरी जायचा प्रश्नच नव्हता.

मीही गावी फारसा जात नसे. आमचं गाव डोंगरकड्याच्या बाजूला, काही लांब नाही. पण जाऊन काय करायचं? आई जेवू घालणार, वडील "आला का" म्हणणार आणि शेतात निघून जाणार. आम्हा दोघांत भांडण नव्हतं, बोलायची सवयच नव्हती.

एका शनिवारी तोच म्हणाला, "मला तुझं गाव बघायचंय."

वारंगा फाट्याला एसटीतून उतरलो. तिथली खिचडी त्याला खाऊ घातली, तोवर वडील मोटारसायकल घेऊन आले. एकाच गाडीवर तिघं निघालो. थंडीचे दिवस होते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यात आली होती. मधेच त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. उतरला, बांधावर जाऊन उभा राहिला आणि कणसाला हात लावून म्हणाला, "धुरा."

"व्हय, धुराच हाय," वडील म्हणाले. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याला मराठी कसं काय येतं?"

मी त्याला इंग्रजीत विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या अरबीत धुरा म्हणजे ज्वारी. त्याचं गाव डोंगरात होतं, उतारावर दगडी बांध रचून पाडलेल्या वावरांत त्याच्या घरचे ज्वारी पेरायचे. नांदेडला येऊन वर्ष झालं तरी त्याने शेतातली ज्वारी पाहिली नव्हती. मी हे सांगितल्यावर वडील हसले, खूप दिवसांनी पाहिलं त्यांना तसं हसताना. म्हणाले, "त्याला सांग, हुरडा खाल्ल्याबिगर जायचं न्हाई."

तिथून माझं दुभाष्याचं काम सुरू झालं. पुढचे कित्येक शनिवार-रविवार आम्ही गावीच घालवले. कळमनुरीचा बाजार केला, एका लग्नात जेवलो, वंदनेला आईबरोबर विहारात तोही मागच्या सतरंजीवर बसला. तो आला की शेजारचे चाचा हटकून यायचे. ते शिवणकाम करायचे. आयुष्यभर कुराणातली अरबी वाचत आले होते, पण ती कुणाच्या घरातली बोलती भाषा म्हणून त्यांनी कधी ऐकली नव्हती. "बेटा, कुछ भी बोलो," म्हणायचे. मग तो बकरीबद्दल नाहीतर चहाबद्दल काहीतरी बोलायचा आणि चाचा डोळे मिटून ऐकायचे.

एकदा त्याने आईकडे ज्वारीचं पीठ मागितलं. मेथीचे दाणे त्याने आदल्या दिवशीच भिजत घातले होते. उकळत्या पाण्यात पीठ सोडून तो लाकडी उलथण्याने जोर लावून घोटत राहिला. आई शेजारी उभी. "गाठी होऊन राहिल्यात, त्याला सांग," ती म्हणाली. मी सांगितलं. तो म्हणाला, "होऊ दे, माझी आईही हेच म्हणते." हे सांगितल्यावर मात्र आईने उलथणं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि उरलेलं तिनेच घोटलं. त्याने परातीत त्या उकडीचा डोंगर केला, मधे खळगा पाडून चाचांच्या घरून आलेला मटणाचा रस्सा ओतला, वर भिजलेली मेथी वाटून फेटलेला फेस. त्यांच्याकडे सगळे एकाच ताटात जेवतात, असं त्याने सांगितलं. वडील जरा थांबले. चाचा बाह्या सरसावून आधीच बसले होते. मग वडीलही बसले, आणि आम्ही पाचही जणांनी परात चाटून पुसून रिकामी केली.

एका रविवारी सकाळी आम्ही तिघं शेतात हुरडा खात होतो. त्याने मला विचारलं, "तुझे वडील कधी गाव सोडून कुठे राहिले आहेत का?"

मला वाटलं, उत्तर मला ठाऊकच आहे. तरी रीत म्हणून विचारलं.

वडिलांनी तळहातावरचं भूस फुंकलं. "त्याला सांग, मीबी गेल्तो शिकायला. औरंगाबादला. होस्टेलात राहिलो."

मी भाषांतर करायचं विसरलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्याला सांग," वडील बोलतच राहिले, "रविवारी आमी पोरं सायकली घेऊन निघायचो. शहराच्या मागं डोंगरात लेण्या हायेत. पोरं खालीच बसायची, मी वर जायचो. बुद्धाच्या मूर्तीसमोर गार सावलीत बसलो की उठू वाटायचं न्हाई."

"मग शिक्षण काहून सोडलं?" हा प्रश्न माझा होता.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याला सांग, तुह्या आज्याला अर्धांगवायू झाला. आलो तो ऱ्हायलोच. आधी लई जड गेलं. मग रान आवडाया लागलं."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. मित्राने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग पुढच्या शनिवारी तिकडेच जाऊ. त्यांना घेऊन."

वडील नको नको म्हणत होते, पण शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून नांदेडच्या स्टेशनवर आमच्याआधी हजर होते. लेण्यांच्या पायऱ्या चढताना ते पुढे, आम्ही मागे. सायकली कुठे लावायचो, डबा कुठे सोडायचो, ते दाखवत होते, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत थेट मित्राशीच बोलत होते. दुभाष्याचं काम उरलं नव्हतं. मूर्तीसमोर आम्ही बराच वेळ बसलो. मग वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कट्टाळा तर येऊन न्हाई राहिला?"

"न्हाई," मी म्हणालो. "बसा तुमी."

मित्र आता दुसऱ्याच एका देशात शिकवतो. त्याच्या गावी त्याला अजून जाता आलेलं नाही. मी त्याला एकदा फोनवर म्हणालो, तू आला नसतास तर माझे वडील मला कळलेच नसते. तो म्हणाला, आभार कसले, मला तुझ्या आईने वर्षभर आठवणीने जेवू घातलंय. मला मात्र तेवढ्याने फिटल्यासारखं वाटत नाही. आता दर शुक्रवारी वडिलांचाच फोन येतो, "येऊन राहिला का उद्या?" मी गेलो की आम्ही शेतात जातो, आणि जुन्या गोष्टी ते आता थेट मलाच सांगतात.