नमनाची वाट बघता बघता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी मला तुमच्याकडे बघवणार नाही. माझ्या मूर्खपणाचे किस्से काय कमी आहेत? पण हा मनाला लागलेला आहे.

तुमसरला माझी साऊंड सर्व्हिस. नाटक, भजन, दंडारीचे खेळ, सगळं रेकॉर्ड करतो. एकदा पुण्याहून चार वादक आले, फ्री जॅझवाले! म्हणजे आधी काहीच ठरवायचं नाही. सगळ्यांनी मिळून, एकमेकांचं ऐकत, सुचेल ते वाजवायचं. पाचवे म्हणून त्यांनी बोलावले आंधळगावचे नामदेव काकाजी. उभी हयात वरातीत क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. आता दम लागायचा, डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलेलं.

"हा एकच डाव वाजवतो," काकाजी म्हणाले. "वरातीबाहेरचं माहं वाजवणं पोरीनं कधी आयकलंच नाई. तिले सासरी रेकॉर्डिंग पाठवजो बरं."

बंद राईस मिलच्या गोदामात भरदुपारी मंडळी जमली. मी माईक लावले, बोट बटणावर ठेवलं. आता आमच्याकडची रीत अशी, की नमन झाल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. तोवर वाद्यं लावणं चालतं. ते कोण कशाला रेकॉर्ड करेल?

तर हे पाचही जण वाद्यं लावायला बसले. एक ड्रमवर नखं घासतोय, एक व्हायोलिन कुरकुरवतोय. काकाजींचं क्लॅरिनेट मध्येच रडतंय, मध्येच कोंबड्यासारखं आरवतंय. दहा मिनिटं, वीस, चाळीस! म्हटलं, नमनालाच घडाभर तेल! समोर दोघं-तिघं डोळे पुसत होते. मला वाटलं, गोदामातली धूळ.

एकदम सगळं शांत झालं. लागली बाबा एकदाची वाद्यं! मी बटण दाबलं आणि ओरडलो, "हं, करा जी सुरू!"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

काकाजी घामाने निथळत आले. "आलं ना रे सगळं?"

"काकाजी... मले वाटलं, तुमी अजून सूर लावून राहिले."

ते मटकन खुर्चीत बसले.

"तेच पुन्हा वाजवा ना," मी हात जोडले.

"तेच म्हणजे कोणतं? काय वाजवलं, मले तरी का माहीत? गेलं बाप्पा ते." धाप लागली होती त्यांना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण म्हणाले, "जेवढं आलं तेवढं दे पोरीले पाठवून."

पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन.

"दादा, टाळ्या आयकल्या. पण बाबाचं वाजवणं कुठं हाये? कोणीतरी नुसता 'करा जी सुरू' म्हणून बोंबलून राहिला."

"तो मीच, ताई."



"तुमचा आवाज मात्र एकदम साफ आला जी."