दोन्ही कामं करणारं औषध

मेडिकलच्या काउंटरमागं वीस वर्षं उभं राहिलं की किस्से साठतातच. मित्रांत बसलो की मी गिऱ्हाइकांच्या वेंधळेपणाचे सांगतो. माझ्या स्वतःच्या वेंधळेपणाचे मात्र आजवर गिळत आलो.

*

आमचं दुकान इतवारीच्या बाजारात. एक हमाल आला, कमरेला नायटा. "भाऊ, अशी ट्यूब द्या, खाजही थांबन अन् जंतूही मरन!"

चिठ्ठी नव्हती. तरी मी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब! "देवमाणूस आहा तुमी!" म्हणत त्यानं चार सोबती आणले. त्यांनाही तीच दिली.

महिन्याभरानं पाचही जण हजर. नायटा पार पोटापर्यंत. स्टेरॉइडनं लाली झाकली होती, खाली बुरशी मोकाट! वाटलं, आता शिव्या बसणार.

"औषध एक नंबर आहे भाऊ," तो पहिला हमाल म्हणाला, "ट्यूबच लहान पडून राहिली!"

*

मी तरी कुठं शहाणा! तीच ट्यूब मीही मांडीवरच्या नायट्याला चोळत होतो. शेवटी स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या भडकल्या, "कोणत्या अडाण्यानं दिली हो ही?"

"एका मेडिकलवाल्यानं," मी म्हटलं.

*

कॉलेजची एक मुलगी डॉक्सीसायक्लिनची चिठ्ठी घेऊन आली. "काका, नेटवर तर हे मलेरियासाठी लिहिलंय. मले पिंपल्स आहेत!"

"मग मच्छरदाणी लावून झोप वं!" मी म्हटलं. सगळं काउंटर हसलं. तीही हसली, आणि गोळ्या न घेताच गेली.

ही गोळी पिंपल्समधले जंतूही रोखते, सूजही उतरवते. एवढंच तर सांगायचं होतं!

*

गल्लीतले रिटायर्ड गुरुजी डॅप्सोन घ्यायला आले. मी मोठ्यानं म्हटलं, "गुरुजी, हे तर कुष्ठरोगाचं औषध! तुमाले काहून?"

मागची रांग एक पाऊल मागं सरकली.

"अंगावर फोड येतात," ते हळूच म्हणाले. "त्यांची आग शांत करायलेही हेच देतात म्हणे."

खरं होतं. मला ठाऊकही होतं.

आठ दिवसांनी कळलं, घरात त्यांचं ताट वेगळं झालंय. मी धावत गेलो. सूनबाईला समजावलं, "त्यांना तो रोग नाही. असता तरी औषधानं बरा होतो, ताट कशाला वेगळं?" ती रडली. मग तिनं चहा-बिस्किटं आणून ठेवली.

गुरुजींनी आपलं बिस्किट मोडून अर्धं माझ्यापुढं धरलं. माझा हात क्षणभर उठलाच नाही. त्यांनी ते पाहिलं.

"सूनबाई, त्याईले बिस्किट नको देऊ वं," ते म्हणाले. "शुगर असन त्याईले."