शाळेच्या कोपऱ्यावरचं वळण

रस्ते खात्यात नकाशे काढणाऱ्या ताईंना अख्खं ऑफिस ‘मोजपट्टीबाई’ म्हणायचं, आणि तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. पर्समध्ये पाच मीटरचा टेप घेऊन फिरणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

सध्या त्यांच्या टेबलावर बंदराकडे जाणारा नवा रस्ता होता. मालाचे ट्रेलर बाजारपेठेत अडकून पडायचे, त्यांना शहराच्या कडेने न्यायचं होतं. वर्षभर खपून बाईंनी रस्ता आखला. एकच वळण नाठाळ होतं, मुलींच्या शाळेच्या कोपऱ्यावरचं. तेही त्यांनी बसवलं. सोमवारी समितीची सही झाली की संपलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी नकाशा घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला, जरा मिरवायलाच. नवरा तीस वर्षं ट्रेलर चालवून नुकताच घरी बसलेला. त्याने चष्मा लावला आणि वळणावर बोट ठेवलं.

“हे कोणी काढलं गं?”

“मी. का?”

“ट्रेलरचं तोंड वळेल, पण मागची चाकं आतून कापतात. ती फुटपाथवर चढणार.”

“उगाच काहीतरी बोलू नका. साचा लावून बघितलंय मी.”

“कुठला साचा?”

बाई नकाशावर वाकल्या. ऑफिसात कॉम्प्युटर आले तरी वळण तपासायला त्या कागदावर आपला जुना प्लॅस्टिकचा साचाच ठेवायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळालेला, जिवापाड जपलेला. तो साध्या ट्रकच्या वळणाचा होता. त्या काळी बंदरावर एवढे लांब ट्रेलर यायचेच कुठे? इतक्या वर्षांचा मुरलेला हात, आणि घसरला तो नेमका शाळेपाशी.

सकाळी त्या थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

“ताई, सोमवार तोंडावर आलाय,” साहेब म्हणाले. “सही होऊ द्या, वळणाचं नंतर बघू.”

“वळण रुंद करायला शाळेसमोरच्या बंद गोदामाची चार मीटर जागा लागेल. आत्ता मागितली नाही तर ती पुन्हा हाती लागणार नाही.”

“पण चूक तुमच्या नावावर निघेल. आठ महिन्यांनी रिटायर होताय.”

“म्हणूनच तर घाई आहे, साहेब.”

साहेब काही हलेनात. मग बाई हट्टाला पेटल्या. रविवारी सकाळी बंदराच्या रिकाम्या आवारात त्यांनी चुन्याने ते वळण जसंच्या तसं आखलं, खऱ्या मापाचं. गुडघे बोंबलत होते, टेप सुटत नव्हता. शाळेचा फुटपाथ जिथे येईल तिथे पाण्याने भरलेल्या दहा बादल्या मांडल्या. नवऱ्याने जुन्या दोस्ताचा ट्रेलर आणला आणि स्वतःच चालवायला बसला. साहेबही आले, कपाळाला आठ्या घालून.

ट्रेलरचं तोंड चुन्याच्या रेघेवरून सुरेख वळलं. साहेब हसलेसुद्धा. मग मागची चाकं आली आणि एकामागून एक बादल्या चिरडत गेली. पाणी साहेबांच्या बुटांपर्यंत आलं. त्यांनी मुकाट्याने खिशातून मोबाइल काढला.

“नव्या बादल्या मांडून पुन्हा एकदा फिरवायला सांगा,” ते म्हणाले. “व्हिडिओ काढतो.”

सोमवारी समितीसमोर तो व्हिडिओ लागला. अध्यक्षांनी तो दोनदा बघितला.

“किती बादल्या गेल्या?”

“सात,” बाई म्हणाल्या. “शाळा सुटते तेव्हा तिथे चाळीस मुली उभ्या असतात. मी मोजून आलेय.”

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं.

“ही चूक कोणाची?”

साहेबांनी घसा खाकरला. “त्याचं असं आहे की, कॉम्प्युटरमध्ये...”

“माझी,” बाई उभ्या राहिल्या. “वळण मी काढलं, मीच तपासलं.”

“याची नोंद तुमच्या सेवापुस्तकात होईल, बाई.”

“होऊ द्या,” बाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या नाहीत. “आधी ते चार मीटर लिहून घ्या.”