शेवटचा डबा आणि इंजिनातलं पाणी

आमच्या कंपाउंडरमामांइतका प्रवासाचा अभ्यास केलेला आणि तरीही प्रवास न केलेला माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. शिरूरच्या मिशन दवाखान्यात ते कंपाउंडर होते. मी तिथल्या हायस्कुलात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. सगळ्या गावाचे ते मामा, म्हणून माझेही मामा. उंच, काटकुळे, पांढरीशुभ्र विजार, आणि अंगाला कायम स्पिरिटचा वास. घरी बसलेला माणूस आजारी पडतो तो देवाच्या मर्जीनं, पण बाहेरगावी गेलेला माणूस आजारी पडतो तो स्वतःच्या गाढवपणानं, हा त्यांचा सिद्धान्त. कोणी चार दिवस परगावी निघालाय अशी नुसती कुणकुण लागायचा अवकाश, की मामा सुई आणि कापसाचा बोळा घेऊन त्याच्या दारात उभे. "दंड काढा. पटकीची लस टोचल्याबिगर वेस ओलांडायची न्हाई." एकदा नगरला निघालेलं एक वऱ्हाड त्यांनी एस्टी स्टँडवरच गाठलं आणि नवरदेवासकट सगळ्यांना टोचून काढलं. मांडवात नवरदेवाचा दंड असा काही ठणकत होता, की माळ घालायला हातच वर जाईना. शेवटी नवरीनंच बिचारीनं मान खाली वाकवली. तेव्हापासून शिरूरची वऱ्हाडं मामांच्या आळीला वळसा घालून जाऊ लागली.

दवाखान्यातून घरी आले, की त्यांचं दुसरं दैवत सुरू व्हायचं, ते म्हणजे पोट्याश, जंतू मारायची जांभळी पूड. फळ असो, भाजी असो, त्या पोट्याशच्या गुलाबी पाण्यात बुडून निघाल्याशिवाय घरात कोणाच्या तोंडी लागत नसे. एकदा आमचे हेडमास्तर मला भेटायला आले. उन्हातून आलेले, टेबलावर गुलाबी पाण्याचा पेला दिसला. त्यांनी सरबत समजून घटकन मोठा घोट घेतला. मग काय, पुढचे चार दिवस तपकिरी ओठ घेऊन शाळेत हिंडत होते, आणि हेडमास्तर तंबाखू खायला लागले अशी पोरांनी गावभर बोंब केली. मामांना याचं काडीचं वाईट वाटलं नाही. उलट मला म्हणाले, "पोट तर साफ झालं असंल त्यांचं. विचारा."

आगगाडीविषयी मामांचे कायदे तर रेल्वेलाही माहीत नसतील असे होते. बसायचं ते शेवटच्या डब्यात. कारण इंजिनाचा धूर आणि कोळशाचे कण तिथं कमी पोचतात, आणि टक्कर झालीच तर चेपतात ते पुढचे डबे. "आणि मागून कोणी धडकलं तर?" मी एकदा विचारलं. "मागून कोण धडकंल? जो तो पुढं बघूनच चालवतोय की!" म्हणाले. खिडकीबाहेर डोकं काढायचं नाही. परक्याच्या हातचं खायचं नाही. चालत्या गाडीत चढायचं नाही, मग ती मुंगीच्या पावलानं का चालेना. आणि पाणी? ते फक्त इंजिनातलं. अख्ख्या हिंदुस्थानात खरंखुरं उकळलेलं पाणी एकाच ठिकाणी मिळतं, ते म्हणजे वाफेच्या इंजिनात, असं ते छातीठोकपणे सांगायचे. किटली घेऊन गेलं, की ड्रायव्हर देतातही, लोक चहासाठी नेतात. पण पुण्याच्या पुढं मुंबईपर्यंत गाडीला विजेचं इंजिन. "त्यात पाणी कुठलं? नुसता करंट!" म्हणून मुंबईला जायचं तर शिरूरहून सरळ पुणं गाठायचं सोडून मामा आधी एस्टीनं दौंडला जाणार, तिथं वाफेच्या इंजिनातून किटली भरून घेणार आणि मग पुढं जाणार. द्राविडी प्राणायाम कशाला म्हणतात ते मला शाळेत कळलं नव्हतं, ते मामांच्या घरी कळलं.

पण हे सगळं जाणार, भरणार! जातंय कोण? मामींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, जन्मात एकच हट्ट धरला होता. त्यांना समुद्र बघायचा होता. बाई साधी, दर रविवारी उपासनेला जाणारी, घरी बोट ठेवून ठेवून शुभवर्तमान वाचणारी. मला म्हणायच्या, "मास्तर, प्रभू समुद्रावरनं चालत गेला म्हंत्यात. आता मी पाह्यली ती आपली घोडनदी. उन्हाळ्यात तिच्यावरनं शेरडंबी चालत जात्यात. मग मला कसं कळावं, त्यात काय एवढं?" धाकट्या बहिणीचं बिऱ्हाड मुंबईत माहीमला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दर मे महिन्यात जायचं ठरायचं, आणि दर मे महिन्यात मोडायचं. एका वर्षी टांग्यात बसताना मामी शिंकल्या. झालं, सामान परत घरात. एका वर्षी फ्ल्यूची साथ. एका वर्षी तर पार न्हावऱ्यापर्यंत गेले, पण एस्टीचा कंडक्टर दोनदा खोकला म्हणून तिथंच उतरले आणि उलट्या गाडीनं घरी आले. मामी चकार शब्द काढायच्या नाहीत. नवं लुगडं घडी घालून पेटीत ठेवायच्या आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसायच्या. मला मात्र अस्सा राग यायचा! एकदा त्या म्हातारीनं भांडावं, आदळआपट करावी, असं फार वाटायचं.

मी सांगतोय त्या वर्षी गोष्ट निकराला आली होती. बहिणीचे यजमान जूनमध्ये रिटायर होऊन कायमचे गावी जाणार होते. माहीमचं बिऱ्हाड मोडलं की मामींना मुंबईत दुसरं ठिकाण नव्हतं, आणि लॉजचं नाव काढलं तरी मामांना ढेकूण चावल्यासारखं व्हायचं. शिवाय मामींचे गुडघेही धरायला लागले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मला सुट्टी होतीच. मामा म्हणाले, "मास्तर, तुम्ही चला. पेटी उचलायला माणूस लागतोय." निघताना मामांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत त्यांनी देवाला पटकी, हगवण, विषमज्वर, हिवताप अशी सगळी नावं एकेक करून सांगितली, न जाणो त्याच्या नजरेतून एखादा सुटायचा! पेटीत औषधं आणि दशम्या. पेटीला कुलूप. किल्ली जानव्याला असं म्हणायची मला सवय, पण मामा ख्रिस्ती, त्यांना जानवं कुठलं, तेव्हा किल्ली त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात.

दौंडला गाडी उभी होती. आम्ही कायद्याप्रमाणे शेवटच्या डब्यात बसलो आणि मामा किटली घेऊन इंजिनाकडे निघाले. आता शेवटचा डबा एका टोकाला आणि इंजिन दुसऱ्या टोकाला, मध्ये दौंडचा तो लांबलचक प्लॅटफॉर्म. इतक्या वर्षांच्या अभ्यासात ही अडचण मामांच्या कशी लक्षात आली नाही, देव जाणे. तिथं पोचून गपगुमान पाणी घ्यावं की नाही? नाही! पहिल्या पाण्यानं किटली खंगाळली, ते ओतून दिलं, मग पुन्हा भरून मागितलं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि गाडी हलली.

आमच्या डब्यात खुटबावचे एक आबा होते. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, दौंडचा बाजार करून गावी निघालेले. ते, मी आणि मामी खिडकीशी आलो. लांबवर मामा वाफाळती किटली धरून उभे, आणि डब्यामागून डबा त्यांच्यासमोरून सरकतोय. गाडी इतकी सावकाश, की एखादी गाभण म्हैसही चढली असती. आमचा डबा त्यांच्यासमोर आला. मी दारातून हात पुढं केला. "मामा, चढा! धरा हात!" मामा दोन पावलं बरोबर चालले, त्यांनी एक पाय उचललासुद्धा, आणि मग तो मागं घेतला. "चालत्या गाडीत चढायचं न्हाई!" मीच चढतोय अशा आवेशात ते माझ्यावर ओरडले. आणि मामींना म्हणाले, "अगं, डोकं आत घे! कोळसा जाईल डोळ्यात!" बघता बघता ते, त्यांची किटली आणि दौंड मागं पडलं.

आबा कपाळाला हात लावून बसले. "ह्यो मानूस चुकून ऱ्हायला, का मुद्दाम?" त्यांनी मला विचारलं. पाटस जवळ आलं तशी मी पेटी दाराशी ओढली. उतरायचं, उलटी गाडी धरायची, दौंडला मामांना गाठायचं, दुसरं काय करणार?

"मास्तर, पेटी ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या.

"अहो मामी, मामा तिकडं—"

"आपन माघारी गेलो, तर ते म्हनतील प्रभूची इच्छा न्हाई, आन् आपल्याला घेऊन शिरूरला जातील. मला तर वाटतंय, हीच प्रभूची इच्छा हाय." आवाज पक्का. "पत्ता त्यांच्या खिशात हाय, पैशे हायेत. दुसरी गाडी हाय. इतकी वर्सं मी त्यांच्या मागनं चालले. एक डाव त्यांनी यावं माझ्या मागनं."

मनातून तर मी टाळ्या पिटत होतो. पाटसला उतरून स्टेशनमास्तरांचे हातपाय जोडले आणि दौंडला फोननं निरोप कळवायला सांगितला: आम्ही पुढं जातो, माहीमला या. धावत येऊन डब्यात शिरलो तर मामी हसत होत्या. त्यांना मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं भुका लागल्या आणि ध्यानात आलं, दशम्या पेटीत, आणि पेटीची किल्ली दौंडला. आबांनी फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. "घ्या माय. नव्या मुलखाचं पानी लागू नये म्हून आधी कांदा खावा. आमी मेंढरं घिऊन कोकनात जायचो तवा कांद्यावरच तगलो."

मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि कांदा घेतला. मग हळूच विचारलं, "आबा, समुद्र पाह्यला व्हय तुमी?"

"पाह्यला की. मेंढरं बिचकली, मीबी बिचकलो. लई पानी! पर एक घोट पिता येत न्हाई. पिऊ नका बरं का, मी पिलोय."

आबा खुटबावला उतरले. जाताना उरलेली भाकरी मामींच्या ओटीत टाकून गेले. त्यानंतर मामींनी जे काही ताळतंत्र सोडलं म्हणता! पुण्याला पेरू खाल्ला, तसाच, लुगड्याला पुसून. खंडाळ्याच्या घाटात खिडकीबाहेर मान काढून बसल्या. कर्जतला बटाटेवडा खाल्ला आणि वर नळाचं पाणी प्यायल्या. मी मेलो भीतीनं, यांना काही झालं तर मामांना कुठलं तोंड दाखवू! त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. पोट बिघडलं ते माझं.

दादरला उतरून घोडागाडीनं संध्याकाळी माहीमला बहिणीच्या घरी पोचलो. लाटांचा आवाज घरात येत होता. बहीण म्हणाली, "चल आक्का, उजेड हाय तवर दाखवते." आणि मामी चक्क भिंतीकडं तोंड करून बसल्या. म्हणाल्या, "ते आल्यावर." मी म्हटलं, मामी, अहो, मामा येतील आणि पहिल्या गाडीनं तुम्हाला परत नेतील, तोवर बघून तरी घ्या! त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. इतकी वर्षं थांबलेली बाई, घराबाहेर पडून शंभर पावलं चालायला तयार नाही! मला हसावं का रडावं कळेना.

सकाळी मामा आले. गर्दीत जागा मिळाली नाही म्हणून दौंडपासून इंजिनाच्या मागच्याच डब्यात बसून आलेले, तोंड काळंमिट्ट. आल्या आल्या मामींची नाडी धरली, जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग मला म्हणाले, "काय काय खाल्लं हिनं?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामींनीच सगळं सांगून टाकलं. कांद्यापासून वड्यापर्यंत. मी डोळे मिटून घेतले. पण मामांनी एवढंच विचारलं, "मग समुद्र पाह्यलास?"

"न्हाई. तुमच्यासाठी थांबले."

मामांनी कोट काढून खुंटीला लावला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "चल."

वाळूत आल्यावर मामी थांबल्या. समोर ते अफाट पाणी. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "एवढ्यावरनं चालत गेला? अगं बाई. मंग तो खराच देव." आणि डोळ्यांना पदर लावला. मामा त्यांचा हात धरून पाण्यात शिरले. पाणी किती स्वच्छ आहे, किती जंतू आहेत, एक अक्षर नाही. दोघं म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी, लाट आली की एकमेकांना घट्ट धरायची. मी आपला दोघांच्या चपला धरून वाळूत उभा.

पुढं माझी बदली झाली. काही वर्षांनी मामी गेल्याचं कळलं तसा मी शिरूरला गेलो. मामा ओसरीवर बसले होते. फार वाळले होते. सलाम केला, शेजारी बसलो.

"मास्तर," ते म्हणाले, "तिला काई होईल म्हून मी तिला जन्मभर कुठं जाऊ दिलं न्हाई. आन् झालं ते घरातच. हितंच, तिच्या अंथरुनात."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"दौंडला माझी गाडी चुकली, ते लई बरं झालं," मामा म्हणाले. "मी डब्यात असतो, तर तिला समुद्र दिसला नसता."