अर्ध्या गॅरेजातलं सुतारकाम

मी नोकरी करायचे ते मंत्रालय जुन्या रायपूर शहरातून नव्या राजधानीत, नवा रायपुरला हललं, तेव्हा मला पहिली काळजी पडली ती बाबांच्या दुपारची. तोवर मधल्या सुट्टीत मी स्कूटीवर घरी यायचे, त्यांना गरम पोळी वाढायचे आणि परत जायचे. आता सकाळी साडेआठला स्टाफची बस, आणि परतायला दिवेलागण. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी लग्न केलेलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी दार उघडलं की बाबा सकाळी ज्या खुर्चीत सोडले, त्याच खुर्चीत असायचे. टीव्ही बंद, ताटाखाली झाकलेली भाजी अर्धी तशीच.

बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात सुतार होते. विशीत वर्ध्याकडून आले आणि इथलेच झाले. पुढे वॅगनी साऱ्या लोखंडी झाल्या. त्यांच्या हाताला खोकी ठोकणं आणि साहेब लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करणं एवढंच उरलं. तेव्हापासून ते म्हणायचे की रिटायर झालो की घरीच दुकान टाकीन आणि मनासारखं काम करीन. रिटायर झाले आणि आई आजारी पडली. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली ती तिथंच राहिली.

आमच्या भाड्याच्या घराला एक गॅरेज होतं, वरच्या आणि खालच्या भाडेकरूंचं मिळून. वर एक रिटायर हेडमास्तर बायकोसोबत राहायचे. सारा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, त्यांना गुरुजी म्हणायचा. त्यांची जुनी पांढरी गाडी गॅरेजाच्या डाव्या बाजूला उभी असायची आणि शनिवारी अभनपूरजवळच्या त्यांच्या गावाला जाऊन यायची. उजवी बाजू आमची. तिथं माझी स्कूटी आणि जुना कूलर.

मी गुरुजींना विचारलं की आमच्या बाजूला बाबांनी लाकूडकाम केलं तर चालेल का. आवाज होईल, भुसा उडेल. त्यांनी ऐकून घेतलं, "हव" म्हणाले, आणि दुसऱ्या रविवारी स्वतः गाडी भिंतीला आणखी चिकटवून लावली. बाबांना सांगितलं तर ते उठून पलंगाशी गेले. मग खाली वाकून पेटी ओढायला लागले.

तेव्हा रस्ता रुंद करायला शहरात जुनी घरं पाडणं चालू होतं. सदर बाजाराच्या मागे एका भंगारवाल्याकडे सागवानी चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या. बाबांनी नखाने खरवडून, वास घेऊन दोन निवडल्या. त्यातूनच त्यांनी कामाचं बाकडं केलं. मला वाटलं होतं आठवडाभर लागेल. दोन महिने लागले. पण उभं राहिलं तेव्हा मी त्यावर चढून उभी राहिले, तरी करकरलं नाही.

त्या दोन महिन्यांत ते जेवायला लागले. संध्याकाळी त्यांच्या बनियनला भुसा असायचा. बसमध्ये बायका आपापल्या घरच्या गोष्टी सांगायच्या, तर मीही सांगितलं की आमच्या बाबांनी दुकान टाकलं. सांगताना छान वाटायचं.

मग हत्यारं लावायची वेळ आली. भिंत चांगली दहा फुटांची, पण बाबांनी सगळं बाकड्याच्या अगदी समोर, हातभर रुंद पट्टीत टांगलं. करवत, तिच्याखाली काटकोन पाहायचा गुण्या, त्याखाली पटाश्या, एकाखाली एक. मी म्हटलं, "बाबा, एवढी जागा मोकळी असून काहून कोंबून राहिले?" ते म्हणाले की कारखान्यात असंच असायचं. मी कारखाना कधी आतून पाहिला नव्हता. विश्वास ठेवला.

बाकडं झालं, हत्यारं झाली. काम मात्र सुरू होईना. मी स्वयंपाकघरासाठी एक साधं स्टूल मागितलं होतं. आज धार लावतो, उद्या फळी सुकू दे, असं होत होत आणखी महिना गेला. मध्येच ते हत्यारं उतरवायचे आणि पुन्हा टांगायचे. पेन्सिल तर सतत हरवायची. ती बाकड्यावर त्यांच्या कोपराशी पडलेली असायची आणि ते खिसे चाचपत असायचे. मी हसायचे. म्हातारपण, मला वाटायचं. समोर धरलेल्या फळीवर ते रेघ ओढायचे तर केसासारखी सरळ, आणि त्या रेघेवर करवत चालवायचे तर इकडची तिकडं नाही. अशा माणसाच्या नजरेत काही दोष असेल, हे डोक्यात कुठून येणार?

एका रविवारी त्यांनी स्टुलासाठी लांब फळी काढली. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. गुरुजी गाडी पुसायला आले, बाबांच्या डावीकडे तीन हातांवर उभे राहिले, बोललेसुद्धा, की आज काम सुरू दिसतं. बाबांनी हो म्हटलं आणि फळी उचलून वळवली. फळीचं टोक गुरुजींच्या भुवईवर बसलं. ते गाडीवर कलले, मग खाली बसले. शर्टाची पूर्ण बाजू लाल झाली. बाबा फळी धरून तसेच उभे, आणि मान हलवत शोधत होते की आवाज कुठून आला. माणूस पायाशी बसलेला होता.

चार टाके पडले. दवाखान्यात गुरुजी मला म्हणाले की रागावू नका, होतं असं. पण तुमच्या बाबूजींना बाजूचं दिसत नाही, मला बरेच दिवस वाटत होतं. वर राहणाऱ्या माणसाला वाटत होतं. मी त्यांच्यासोबत एका घरात राहत होते.

घरी आले तर बाबा बाकड्याशी होते, पेटी उघडी. मी काही विचारायच्या आत त्यांनी पेटीच्या तळातून घडी घातलेला कागद काढून दिला. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, दोन वर्षांपूर्वीची. काचबिंदू. बाजूची नजर गेलेली, ती परत येणार नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब, आयुष्यभर. थेंबांची एक बाटली त्यांनी आणली होती, संपल्यावर पुन्हा आणली नाही. टाकून काही दिसत नव्हतं जास्त, म्हणाले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"तुले सांगतलं असतं तर तू करवत हाती देली असती काय?"

मी नसती दिली. हे आम्हा दोघांना माहीत होतं. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. ही दोन वर्षं थेंब पडले असते तर समोर दिसणारी पट्टी जरा रुंद राहिली असती. त्यांनी नजर देऊन चार महिन्यांचं दुकान घेतलं, आणि मी ते आनंदाने लावून दिलं.

नवीन डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त पट्टी आता आणखी अरुंद झाली होती. सकाळ-संध्याकाळ थेंब मी टाकायला लागले. गुरुजी कपाळाला पट्टी बांधून खाली आले. त्यांनी बाबांना समजावलं की काम बंद करू नका, मी गाडी गल्लीत लावतो, सगळं गॅरेज तुमचं. बाबांनी हात जोडले. गॅरेजात मात्र पुन्हा पाय ठेवला नाही. एकदाच गेले, हत्यारांना तेल लावून कापडात गुंडाळायला. बाबांच्या सांगण्यावरून गुरुजींनी गावाकडचा एक सुतार पाठवला, तो पेटी घेऊन गेला. बाबांनी त्याला रंधा कसा धरायचा ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. त्याला ते येतच होतं. बाकडं इतकं जड की कुणाला हलेना. त्यावर गुरुजींची धानाची पोती आली.

पुढच्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, तुझी राजधानी दाखव एकदा. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना बसने नवा रायपुरला नेलं. ऑफिससमोरच्या फुटपाथवर हात धरून उभं केलं. आठ गाड्या शेजारी-शेजारी जातील एवढा रस्ता, मधोमध झाडांची रोपं, दूरवर इमारती. ते हळूहळू मान फिरवत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं टॉर्च फिरवावा.

"लोकं मले दिसून नाही राहिले," ते म्हणाले. "आहेत का?"

मी म्हटलं, नाहीत बाबा, इथं खरंच कोणी नाही.

त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नाही. मी त्यांचं मन राखायला म्हणाले असं त्यांना वाटलं असावं. परतीची बस तासाभराने आली. तोवर आम्ही उन्हात उभे होतो. त्यानंतर त्यांची नजर दीड वर्ष टिकली. नजर गेल्यावरही थेंब मी शेवटपर्यंत टाकत राहिले; आता त्यांचा काही उपयोग आहे का, ते डॉक्टरांनाही मी विचारलं नाही.