चौथा गुण

लोरेटा प्रुइट बाईंना बाकावर बसलेलं अलाबामातल्या त्या छोट्या कॉलेजात कुणी पाहिलेलं नाही. सामना सुरू झाला की त्यांच्या पायाला भिंगरी. सहा कोर्टांवर सहा मुली टेनिसची एकेरी खेळत असतात आणि प्रशिक्षक बाई सूर्यफुलाच्या बिया चघळत सहाही कोर्टांमागून येरझाऱ्या घालतात.

बोटात विजेतेपदाची अंगठी आहे, पण तिचा विषय निघाला की बाई तो टाळतात. विद्यार्थिनी असताना अंतिम लढतीच्या शेवटच्या सेटमध्ये त्या पाच-चार अशा पुढे होत्या, सर्व्हिसही त्यांचीच. तेवढ्यात शेजारच्या कोर्टावर मैत्रिणीनं संघाचा चौथा गुण मिळवला. सहा एकेरींचे सहा आणि दुहेरीचा एक अशा सातांपैकी चार गुण झाले की संघ जिंकला. उरलेले सामने तिथंच सोडायचे, असा नियम. सगळ्या नाचल्या. लोरेटाच्या नावापुढे मात्र ‘अपूर्ण’ लागलं. आपण जिंकलो असतो की नाही? बत्तीस वर्षं हा प्रश्न कुरतडतोय. बाई बसणार कशा!

यंदा घरच्या मैदानावरच्या शेवटच्या लढतीत संघ तीन-दोननं पुढे होता. दोनच कोर्टं चालू होती. पहिल्यावर कीली, संघाची वाघीण, शेवटच्या सेटमध्ये पाच-चारनं पुढे. सहाव्यावर ओपल, चार वर्षांत एकदाही न जिंकलेली, आणि आज चक्क आघाडीवर. दोघींचाही कॉलेजातला हा शेवटचा सामना. कीली आधी जिंकली तर ओपलचा अपूर्णच राहणार होता.

बाजू बदलताना बाईंनी कीलीला गाठलं.

“बुटाची नाडी बांध.”

“बांधलीय की, कोच.”

“मग सोड आणि परत बांध. पाणी पी. सावकाश.”

“तुम्ही आणि सावकाश? ताप-बीप आलाय का?”

“ओपलला संपवू दे गं.”

कीलीनं सहाव्या कोर्टाकडे पाहिलं आणि नाडी सोडली. “बरं. पण तिला म्हणावं, आटप लवकर. माझा हात गार पडेल.”

मग कीली प्रत्येक सर्व्हिसआधी चेंडू दहा-दहा वेळा आपटत राहिली. अखेर सामना जिंकायला तिला एकच गुण हवा होता. तिनं चेंडू आपटला, आणि तिकडे ओपल किंचाळली. जिंकली! चौथा गुण! पंचांनी हात वर करून पहिल्या कोर्टावरचा खेळ थांबवला.

बाई टाळ्या पिटत वळल्या. कीली चेंडू हातात धरून तशीच उभी होती. ओपल जिंकली तर कीलीचा सामना अपूर्ण राहील, एवढी साधी गोष्ट बाईंच्या डोक्यात आलीच नव्हती!

“कोच, मी जिंकलेच असते ना?”

‘हो’ म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. हे ‘हो’ त्यांनी स्वतःला हजारदा सांगून पाहिलं होतं, एकदाही पटलं नव्हतं.

“ठाऊक नाही, पोरी. चुकले मी.”

कीलीनं चेंडू खाली टाकला. ती कुंपणाच्या कडेनं चालू लागली, टोकाला गेली, वळली, परत आली, पुन्हा निघाली. बाई तिच्या बरोबरीनं चालू लागल्या.