पेटीतली बाळंतीण

माझ्या लग्नाला सातवा महिना लागला होता. सासर औंढ्याच्या पलीकडं, माहेर कुरुंद्याचं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. मामंजींच्या वीस-बावीस शेळ्या होत्या, आणि दिवसभरात ते जेवढं बोलायचे त्यातलं निम्म्याहून जास्त शेळ्यांशीच. माणसांना ते एका शब्दात उत्तर द्यायचे. त्या एका शब्दावरून पुढचं सगळं ओळखायची सवय फक्त आत्याबाईंना होती. बाकीच्यांना नव्हती, म्हणून पुढचा घोटाळा झाला.

माघातले दिवस होते. आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीतले कपडे मी उन्हाला टाकले, घड्या करून परत ठेवले आणि झाकण लावायचं विसरले. दुसऱ्या दिवशी मामंजींना नात्यातल्या लग्नाला गोरेगावला जायचं होतं. पटका काढायला त्यांनी पेटीत हात घातला आणि इंगळावर पडल्यासारखा मागं घेतला. आतून फिस्स आवाज आला. घरात येऊन-जाऊन असणारी कबरी मांजर त्यांच्या गुलाबी पटक्यावर आडवी पडली होती. तिच्या पोटाशी चार पिल्लं होती, डोळे मिटलेली, ओली.

त्या दिवशी मामंजी चक्क चार शब्द बोलले. "पेटी कोणी उघडी ठेवली?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. चुलीपाशी बसलेल्या आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भाकरी थापत म्हणाल्या, "म्या ठेवली. काहून?"

"हाकल तिला."

"बाळंतिणीला कोणी उठवतं व्हय? उपरणं गुंडाळा डोस्क्याला अन् जा. जीप निघून जाईल."

मामंजी डोक्याला उपरणं गुंडाळून गेले. मांडवात काय घडलं ते आम्हाला मागून कळलं. बँड वाजून राहिला होता. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, "पाव्हनं, पटका कुठं हाय?"

मामंजी म्हणाले, "बाळंतिणीखाली." आणि जेवायला पंगतीत जाऊन बसले.

इकडं आमच्या घरी बाळंतपण सुरू झालं होतं. आत्याबाई शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून पेटीपाशी ठेवायच्या. घरात येऊन-जाऊन असणाऱ्या बायकांना त्या पेटीत डोकावू देत नव्हत्या, नजर लागते म्हणून. माझ्याकडं राखण होती. गल्लीतला एक काळा बोका पत्र्यावरून घिरट्या घालायचा. बोका पिल्लं मारतो, म्हणून मी हातात वेळूची काठी घेऊन दारात बसायची. चारांतलं एक पिल्लू फार मरतुकडं होतं. बाकीची तिघं त्याला ढकलून द्यायची. मी त्याला बोटांत धरून आचळाला लावायची. कबरीनं पहिल्या दिवशी माझं मनगट ओरखडलं. तिसऱ्या दिवशी मी जरा उशीर केला तर तीच उंबऱ्यापर्यंत मला बोलवायला आली.

शनिवारी माझे मालक आले. ते वसमतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. आले ते लालबुंद होऊन. पिशवी खाली न ठेवताच आईला म्हणाले, "जीपवाला पेढे मागून राहिला. म्हने पोरगं झालं का पोरगी?"

"कुणाला?"

"मलाच विचारती तू?" म्हणत त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काठी घेऊन दारात बसलेली. कुणाला काही उमगेना. मामंजी बाहेर शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांना काही विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

सोमवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, जीपमधून आत्या उतरल्या. मामंजींच्या थोरल्या बहीण. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात खारका आणि झबलं-टोपडं. अंगणातूनच भावावर तोफ सुरू झाली.

"सख्ख्या बहिणीला मांडवात सांगितलं न्हाईस! पाचवीला बी बोलावलं न्हाईस! मला बायकांकडून कळावं?"

मी डोक्यावर पदर घेऊन पाया पडायला वाकले. आत्यांनी सवयीनं आशीर्वाद दिला आणि मग माझ्या पोटाकडं पाहिलं. "बाळंतपणात वाकायचं नसतं गं. अन् तू इतकी सपाट कशी?"

"कोण बाळंतीण, वन्सं?" आत्याबाईंनी विचारलं.

आत्यांचा आवाज खाली आला. "लपवू नका. सातव्या महिन्याचं बी लेकरू जगतं. समदं गोरेगाव बोटं मोजून राहिलंय, पर म्या बराबर सांगितलं सगळ्यांना, आमची सून तशी न्हाई म्हनून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याबाईंनी आत्यांचा हात धरून त्यांना पेटीपाशी नेलं. आत्यांनी पेटीत वाकून पाहिलं. मग लाडवांचा डबा मांडीवर घेऊन तिथंच बसल्या आणि इतक्या हसल्या की कबरीनं चारही पिल्लं पोटाखाली ओढून घेतली.

हसणं थांबतंय तोवर दुसरी जीप थांबली. माझी आई! कुरुंद्यापर्यंत बातमी पोचली होती. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, जीपमधून उतरेचनात, मान खाली घालून बसलेले. आई रडून रडून सुजलेली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग, पोरी." मी तिला पेटी दाखवली. तिनं आधी मला एक चापट मारली, मग जवळ घेतलं, आणि जीपकडं बघून ओरडली, "उतरा खाली! मांजर हाय!"

लग्नानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडं दोन दिवस राहिली. डिंकाचे लाडू मांजरीनं हुंगले आणि सोडले. ते सगळे मीच खाल्ले. मामंजींचा मात्र महिनाभर छळ झाला. बांधावर, गिरणीत, बाजारात, भेटेल तो विचारायचा, आणि त्यांना प्रत्येकाला पेटीपासून सगळं सांगावं लागायचं.

डोळे उघडल्यावर कबरीनं एकेक पिल्लू मानेला धरून कडब्याच्या गंजीत नेलं. मरतुकडं तिनं सगळ्यात शेवटी नेलं. दोन महिन्यांनी आईनं तेच मागितलं. हळदीच्या पोत्यांत उंदीर फार झालेत म्हणाली. दादांनी त्याला टोपलीत घालून, वर फडकं बांधून, जीपमध्ये मांडीवर धरून नेलं. कुरुंद्याला ते नऊ वर्षं राहिलं. दूध प्यायलं, आईच्या गोधडीत झोपलं, घरादाराला लळा लावला. त्यानं एखादा उंदीर धरल्याचं मात्र कुणी पाहिलं नाही.